वीज आल्यावर सर्व्हर आधी उठतो, नॅस नंतर: बूट होताना नेटवर्क आणि रिमोट माउंटचा क्रम कसा लावायचा

रात्री अडीचला वीज गेली. यूपीएसने २० मिनिटं तग धरला आणि मान टाकली. पावणेचारला वीज परतली तेव्हा स्विच, राउटर, नॅस (नेटवर्कवर जोडलेली साठवणीची पेटी) आणि सर्व्हर एकाच क्षणी चालू झाले. सर्व्हरमध्ये एसएसडी, त्यामुळे तो मिनिटाच्या आत तयार. नॅसला मात्र चार डिस्क फिरवून उठायला चार-पाच मिनिटं लागतात. पाच वाजता आरसिंकचा (फाइली नकलणाऱ्या प्रोग्रामचा) बॅकअप ठरल्याप्रमाणे सुरू झाला आणि बिनचूक संपलाही. फक्त तो नॅसवर गेलाच नव्हता. /एमएनटी/नॅस या डिरेक्टरीवर काहीच माउंट झालेलं, म्हणजे दुसरीकडची डिस्क तिथे जोडली गेलेली, नव्हतं, ती नुसती रिकामी डिरेक्टरी होती, आणि आरसिंकने सगळा डेटा मुकाट्याने सर्व्हरच्याच रूट डिस्कवर ओतला. सकाळी डिस्क १०० टक्के भरलेली, डेटाबेस बंद आणि माझा फोन सुरू.

तेव्हा मी तेच केलं जे सगळे करतात. बूटच्या शेवटी चालणाऱ्या आरसी.लोकल फाइलीत 'स्लीप ६०' आणि खाली 'माउंट -ए' लिहिलं आणि निवांत झालो. पुढच्या वेळी नॅसने उठताना डिस्क तपासायला घेतली, ६० सेकंद अपुरे पडले, पुन्हा तोच तमाशा. ६० चे १८० करून हा प्रश्न सुटत नाही. आपल्याला थांबायचंय ते घड्याळासाठी नाही, एका विशिष्ट गोष्टीसाठी. ती गोष्ट कोणती हे यंत्रणेला सांगायचं, एवढंच काम आहे.

हा लेख सिस्टमडी (बूटच्या वेळी सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) वापरणाऱ्या लिनक्ससाठी आहे, म्हणजे डेबियन ८ (२०१५), रेड हॅट ७ (२०१४) आणि त्यानंतरच्या आवृत्त्या. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कीबोर्डवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.

आधी निदान

ओळखीचं लक्षण असं: मशीन बूट झाल्यावर माउंट दिसत नाही, पण लॉगिन करून हाताने 'माउंट -ए' दिलं की लगेच होतं. म्हणजे एफएसटॅबमधली (काय कुठे माउंट करायचं याची यादी असलेल्या फाइलीतली) ओळ बरोबर आहे, वेळ चुकली आहे. पासवर्ड, शेअरचं नाव, परवानग्या यांच्या मागे लागू नका.

सिस्टमडी एफएसटॅबमधल्या प्रत्येक ओळीचं बूटच्या वेळी एक माउंट युनिट (सिस्टमडी सांभाळतो तो कामाचा एक घटक) बनवतो. /एमएनटी/नॅस या वाटेचं युनिट म्हणजे एमएनटी-नॅस.माउंट. वाटेत आधीच आडवी रेघ असेल तर नाव जरा विचित्र होतं; ते अंदाजाने लिहू नका, 'सिस्टमडी-एस्केप -पी --सफिक्स=माउंट' पुढे वाट देऊन विचारून घ्या. मग या युनिटचा या बूटपुरता लॉग बघा:

जर्नलसीटीएल -बी -यू एमएनटी-नॅस.माउंट

इथे काय चुकलं यावर पुढचा सगळा उपाय अवलंबून आहे. सिफ्स म्हणजे विंडोज शेअर असेल तर त्रुटीचा क्रमांक कंसात मिळतो. एनएफएसमध्ये (लिनक्स-युनिक्सच्या फाइल वाटपाच्या पद्धतीत) तेच शब्दांत येतं. १०१ म्हणजे 'नेटवर्क इज अनरीचेबल': आपल्याच मशीनचं नेटवर्क अजून उभं नव्हतं. ११३ म्हणजे 'नो रूट टू होस्ट': आपण तयार होतो, समोरचं मशीन उत्तर देत नव्हतं. १११ म्हणजे 'कनेक्शन रिफ्यूज्ड': समोरचं मशीन उठलंय, पण त्यावरची फाइल सेवा अजून सुरू झालेली नाही. आणि नाव सोडवता आलं नाही असा संदेश असेल तर डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) उशिरा आला. लोक या चारही दुखण्यांवर एकच औषध देतात. १०१ ला क्रम लावून गुण येतो. ११३ आणि १११ ला क्रमाने काहीही होत नाही, कारण दुसऱ्याच्या मशीनचा क्रम आपल्या हातात नाही.

तीन टार्गेटं, तीन वेगळे अर्थ

जुन्या रेड हॅटमध्ये हे सोपं होतं. स्क्रिप्टांना क्रमांक असायचे: एस१०नेटवर्क आधी, एस२५नेटएफएस नंतर, एकामागून एक, रेशनच्या रांगेसारखं. सिस्टमडी एका वेळी शक्य तेवढं सगळं सुरू करतो. क्रम हवा असेल तर तो मागावा लागतो, आणि मागताना टार्गेटांची, म्हणजे बूटमधल्या टप्प्यांची, नावं फसवतात.

नेटवर्क.टार्गेट या नावाने सर्वाधिक लोक फसतात. बूट होताना त्याचा अर्थ फार तर एवढाच की नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम सुरू झाला. आयपी मिळाला का, केबल लागली आहे का, याची त्याला फिकीर नाही. त्याचा खरा उपयोग मशीन बंद होताना आहे: जे युनिट नेटवर्क.टार्गेटच्या नंतर सुरू होतं, ते बंद होताना नेटवर्कच्या आधी थांबतं.

नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट म्हणजे आयपी वगैरे मिळून नेटवर्क वापरण्याजोगं झालं. हे आपोआप बूटमध्ये येत नाही. कोणीतरी मागितलं तरच येतं.

रिमोट-एफएस.टार्गेट म्हणजे नेटवर्कवरची सगळी नेमलेली माउंटं जागेवर आली. लॉगिनला परवानगी देणारी सिस्टमडी-यूजर-सेशन्स ही सेवा याच्या मागे उभी असते. म्हणूनच नॅस बंद असेल तर पडद्यावर 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' ची लाल पट्टी दीड मिनिट नाचते आणि लॉगिन येत नाही. ते दीड मिनिट म्हणजे सिस्टमडीची ९० सेकंदांची ठरावीक मुदत.

आता सगळ्यात जास्त घोळ जिथे होतो ते. सिस्टमडीत 'नंतर' आणि 'हवं आहे' या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. 'आफ्टर' फक्त क्रम सांगतं: आम्ही दोघेही आलो तर तो आधी, मी नंतर. तो येणारच नसेल तर 'आफ्टर' त्याला बोलावत नाही. 'वॉन्ट्स' बोलावतं, पण क्रम सांगत नाही. लग्नात 'मुंज्याच्या पंगतीनंतर आम्ही बसू' असं ठरवलं आणि मुंज्याला आमंत्रणच दिलं नाही, तर तुम्ही सरळ पहिल्याच पंगतीला बसणार. म्हणून स्वतःच्या सेवेला नेटवर्क खरोखर हवं असेल तर दोन्ही ओळी लागतात:

[युनिट]
वॉन्ट्स=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट
आफ्टर=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट

एफएसटॅबमधल्या एनएफएस किंवा सिफ्सच्या ओळीसाठी मात्र हे काही लिहावं लागत नाही. प्रकार बघूनच सिस्टमडीला कळतं की हे नेटवर्कचं काम आहे, आणि तो या दोन्ही ओळी स्वतः जोडतो. खात्री करायची असेल तर 'सिस्टमसीटीएल शो -पी आफ्टर एमएनटी-नॅस.माउंट' द्या.

मग सगळं आपोआप होत असूनही १०१ का येतो? कारण 'ऑनलाइन' म्हणजे काय हे ठरवणारी सेवा वेगळीच आहे.

'ऑनलाइन' कोण ठरवतं

नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट स्वतः काहीच तपासत नाही. त्याच्या पाठीमागे एक वाट बघणारी सेवा असते. नेटवर्कमॅनेजर वापरत असाल तर नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन, सिस्टमडी-नेटवर्कडी वापरत असाल तर सिस्टमडी-नेटवर्कडी-वेट-ऑनलाइन. ही सेवाच बंद असेल तर टार्गेट काहीही न बघता 'झालं' म्हणून मोकळं होतं. बूट जलद करण्याचे नुस्खे सांगणाऱ्यांचा पहिला सल्ला हीच सेवा बंद करण्याचा असतो, आणि रिमोट माउंट हरवण्याचं ते नेहमीचं कारण. तेव्हा पहिलं काम:

सिस्टमसीटीएल इज-एनेबल्ड नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन.सर्व्हिस

उत्तर 'डिसेबल्ड' आलं तर 'सिस्टमसीटीएल एनेबल' करा.

दुसरं, दोघांपैकी एकच चालू ठेवा. दोन्ही वाट बघणाऱ्या सेवा चालू आणि कार्ड मात्र नेटवर्कमॅनेजरच्याच ताब्यात, असं झालं की नेटवर्कडीची सेवा १२० सेकंद कुणाचीतरी वाट बघत बसते आणि मग अयशस्वी होते. नेटवर्कडीवर दोन पोर्ट असून केबल एकालाच असेल तरीही तेच होतं. मोकळ्या पोर्टच्या .नेटवर्क फाइलीत [लिंक] या भागाखाली रिक्वायर्डफॉरऑनलाइन=नो लिहा. इथे 'रिक्वायर्ड', 'फॉर', 'ऑनलाइन' हे तीन शब्द सलग, प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटल.

नेटवर्कमॅनेजरची एक गंमत मला कळायला फार वेळ लागला. जोडणीत आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही चालू असतील, तर मूळ सेटिंगप्रमाणे दोघांपैकी एक मिळालं तरी तो जोडणी 'लागली' असं धरतो. राउटरकडून आयपीव्ही६ पत्ता झटकन येतो, आयपीव्ही४ चा डीएचसीपी (पत्ता मागून घेण्याची प्रक्रिया) अजून चाललेला असतो, वेट-ऑनलाइन हसत बाहेर पडते, आणि आयपीव्ही४ वरच्या नॅसकडे निघालेलं माउंट १०१ खाऊन परत येतं. उपाय एका ओळीचा आहे:

एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय "जोडणीचं नाव" आयपीव्ही४.मे-फेल नो

वाय-फायवर चालणाऱ्या लॅपटॉपला आणखी एक फाटा. वाय-फायचा पासवर्ड फक्त तुमच्या खात्यापुरता, किल्ल्यांच्या जुडग्यात ठेवलेला असेल तर लॉगिन होईपर्यंत नेटवर्क येणारच नाही, आणि तुम्ही लॉगिनच्या आधीच्या माउंटची अपेक्षा करताय. जोडणीच्या सेटिंगमध्ये ती सगळ्या वापरकर्त्यांसाठी उपलब्ध करा.

स्विच दिवा दाखवतो, पण पॅकेट नेत नाही

हे दुखणं ऑफिसातल्या मॅनेज्ड स्विचवर भेटतं. मशीनला स्थिर आयपी दिलेला असतो, केबलचा दिवा लागतो, नेटवर्कमॅनेजर क्षणात 'ऑनलाइन' म्हणतो, आणि तरी माउंट ११३ देऊन पडतं. नॅस तर महिनाभर बंद झालेला नाही! कारण स्पॅनिंग ट्री, म्हणजे नेटवर्कमध्ये चक्राकार वाट होऊ न देणारी स्विचची व्यवस्था. पोर्ट जिवंत झाला की जुन्या पद्धतीचा स्विच आधी १५ सेकंद ऐकतो, मग १५ सेकंद शिकतो, आणि ३० सेकंदांनी पॅकेटं पुढे सोडायला लागतो. तोवर दिवा हिरवा, वाट बंद.

खरा उपाय स्विचवर आहे: सर्व्हरच्या पोर्टला एज पोर्ट किंवा पोर्टफास्ट करा. (दुसऱ्या स्विचला जाणाऱ्या पोर्टला हे चुकूनही करू नका, चक्राकार वाट तयार होऊन सगळं नेटवर्क झोपेल.) स्विच तुमच्या हातात नसेल तर नेटवर्कमॅनेजरला सांगता येतं की गेटवेने (बाहेर जाण्याच्या राउटरने) पिंगला उत्तर देईपर्यंत किंवा दिलेले सेकंद संपेपर्यंत जोडणी पूर्ण झाली असं समजू नकोस:

एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय "जोडणीचं नाव" कनेक्शन.गेटवे-पिंग-टाइमआउट ४५

नॅसच उठलेला नसेल तर

आता माझ्या मूळ दुखण्याकडे. नेटवर्क-ऑनलाइन हे आपल्या मशीनबद्दल बोलतं. समोरच्या नॅसबद्दल त्याला काही कळत नाही आणि कळणारही नाही. वीज आल्यावर नॅसला पाच मिनिटं लागणार असतील तर माउंट ९० सेकंदांनी पडणार, आणि एकदा पडलेलं माउंट सिस्टमडी आपणहून पुन्हा करून बघत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: नॅससाठी बूटच्या वेळी माउंट करण्याचा हट्टच सोडा. ऑटोमाउंट वापरा. एफएसटॅबमधली ओळ अशी होईल:

नॅस:/व्हॉल्यूम१/बॅकअप  /एमएनटी/नॅस  एनएफएस  _नेटडेव,नोफेल,एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट,एक्स-सिस्टमडी.माउंट-टाइमआउट=३०  ०  ०

बूटच्या वेळी फक्त एक पहारेकरी /एमएनटी/नॅसवर बसतो. कुणी त्या डिरेक्टरीत पाऊल ठेवलं की तेव्हा माउंट होतं. पहाटे पाचला आरसिंक आला की नॅस उठलेला असतोच. समजा नसला तर ३० सेकंदांनी आरसिंकला चूक मिळते, रूट डिस्कवर मात्र एक बाइटही पडत नाही. मला हवं होतं ते नेमकं हेच. तोटाही सांगतो: नॅस बंद असताना डिस्कची जागा बघायला 'डीएफ' दिलंत किंवा फाइल मॅनेजरने त्या डिरेक्टरीत डोकावलं की विंडो थोडा वेळ गोठते. म्हणून टाइमआउट छोटा ठेवला आहे.

'नोफेल' बद्दल एक इशारा. लोक समजतात की याचा अर्थ 'जमलं नाही तरी चालेल' एवढाच. पण नोफेल लावलं की ते माउंट रिमोट-एफएस.टार्गेटच्या आधी झालंच पाहिजे हा क्रमही निघून जातो. म्हणजे रिमोट-एफएस.टार्गेटच्या भरवशावर बसलेल्या सेवा माउंटची वाट न बघता सुरू होतात. बूट अडकणं थांबतं, पण त्या सेवांची सोय तुम्हाला वेगळी करावी लागते.

ऑटोमाउंट नको असेल तर एनएफएसला जुना 'बीजी' ऑप्शन आहे. सिस्टमडी तो ओळखतो, मुदत काढून टाकतो, नोफेल स्वतः जोडतो आणि मागे प्रयत्न करत राहतो. सिफ्सला ही सोय नाही.

नॅसचं नाव वापरत असाल तर /ईटीसी/होस्ट्स मध्ये त्याचा पत्ता लिहून टाका. वीज गेल्यावर डीएनएस देणारा राउटरही आत्ताच उठलेला असतो, आणि नाव सोडवता आलं नाही की एनएफएसचं माउंट सहसा वाट न बघता लगेच हात टेकतं.

माउंटवर अवलंबून असलेल्या सेवा

सेवेला फाइली हव्या असतील तर 'आफ्टर=रिमोट-एफएस.टार्गेट' वर थांबू नका. वाटेचं नाव घेऊन सांगा. 'सिस्टमसीटीएल एडिट' पुढे सेवेचं नाव द्या आणि उघडलेल्या फाइलीत लिहा:

[युनिट]
रिक्वायर्समाउंट्सफॉर=/एमएनटी/नॅस

हे एकच वाक्य 'हवं आहे' आणि 'नंतर' दोन्ही सांगतं. माउंट झालं नाही तर सेवा सुरूच होणार नाही. बॅकअपच्या सेवेला हे हवंच.

डॉकरच्या (कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यांत प्रोग्राम चालवणाऱ्या साधनाच्या) बाबतीत हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण तिथे चूक दिसत नाही. माउंटच्या आधी कंटेनर सुरू झाला तर त्याला /एमएनटी/नॅस ही रिकामी डिरेक्टरी मिळते, आणि नंतर बाहेर माउंट झालं तरी कंटेनरच्या आत ते पोचत नाही. मूळ सेटिंगमध्ये नंतरची माउंटं आत झिरपत नाहीत. बाहेरून बघाल तर फाइली दिसतात, आतून डिरेक्टरी रिकामी, आणि माणूस वेडा होतो. डॉकर.सर्व्हिसला ही ओळ जोडली की प्रश्न सुटतो, पण मग नॅस नसेल तर एकही कंटेनर उठणार नाही. नॅसशी संबंध नसलेले कंटेनर त्याच मशीनवर असतील तर विचार करा. मी तिथे नॅसवाल्या कंटेनरांसाठी वेगळी सेवा लिहितो आणि ओळ तिलाच लावतो.

ऑटोमाउंट नसेल तर आणखी एक जुना, गावठी आणि अत्यंत परिणामकारक इलाज. माउंट काढून, डिरेक्टरी रिकामी असताना एकदा हे द्या:

सीएचअॅटर +आय /एमएनटी/नॅस

स्थानिक डिस्कवरची ती डिरेक्टरी आता कुणालाही, अगदी रूटलाही, लिहू देत नाही. वर नॅस माउंट झाला की लिहिणं नेहमीसारखं चालतं, कारण तेव्हा खालची डिरेक्टरी झाकलेली असते. हे मला आधी माहीत असतं तर त्या सकाळी फोन वाजला नसता.

आयस्कझी असेल तर _नेटडेव विसरू नका

एनएफएसच्या ओळीत _नेटडेव ('हे नेटवर्कवरचं आहे' असं सांगणारा ऑप्शन) नसलं तरी चालतं, मी सवयीने लिहितो. आयस्कझीवर (दुसऱ्या मशीनची डिस्क नेटवर्कवरून जोडण्याच्या पद्धतीवर) मात्र तो जीवनमरणाचा ऑप्शन आहे. तिथे फाइलसिस्टम ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस असते, आणि प्रकार बघून ती नेटवर्कपलीकडची आहे हे सिस्टमडीला कळत नाही. तो तिला स्थानिक समजतो, नेटवर्क येण्याआधी शोधतो, ९० सेकंदांनी हार मानतो, आणि स्थानिक माउंट पडलं म्हणून मशीन थेट इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन रूटचा पासवर्ड मागतं. एसएसएचही नाही, त्यामुळे सर्व्हर दुसऱ्या गावात असेल तर एसटी पकडा.

तपासणी

एफएसटॅब बदलल्यावर 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' द्या, टंकलेखनाच्या बहुतेक चुका तिथेच सापडतात. मग 'सिस्टमसीटीएल डेमन-रिलोड', नाहीतर सिस्टमडी जुनीच युनिटं धरून बसेल. 'माउंट -ए' चाललं म्हणून समाधान मानू नका. ते नेहमीच चालत होतं.

खरी परीक्षा तीन वेळा बूट करून होते. एकदा सगळं सुरळीत असताना. तेव्हा 'सिस्टमडी-अॅनालाइझ क्रिटिकल-चेन रिमोट-एफएस.टार्गेट' देऊन कोण कुणासाठी किती थांबलं ते वाचा. एकदा सर्व्हरची नेटवर्क केबल काढून. लॉगिन किती वेळात येतं ते घड्याळ लावून बघा. आणि एकदा नॅसची पिन काढून. सर्व्हर उठला की /एमएनटी/नॅसमध्ये फाइल लिहायचा प्रयत्न करा, चूक आली पाहिजे. आता नॅस चालू करा, चहा टाका, आणि परत येऊन सर्व्हरला हात न लावता फक्त 'एलएस /एमएनटी/नॅस' द्या. यादी दिसली तर आरसी.लोकलमधली ती 'स्लीप' ची ओळ खोडून टाका.